ऐकायची फ्रिक्वेन्सी, बोलायची फ्रिक्वेन्सी

रिटायर झाल्यावर माणसाला पोस्टिंग कोणी देत नाही. सिहोऱ्याजवळच्या राईस मिलवरची ही पोस्टिंग मी माझी मीच घेतली होती.

मी सिग्नल्समधला. नोकरीची बहुतेक वर्षं रेडिओ ऑपरेटर म्हणून काढली आणि नायब सुभेदार होऊन घरी आलो. आमचं गाव बावनथडीच्या काठाला. थोडी धानाची शेती आहे. शेती मुलगा बघतो. मला सकाळी उठून हेडफोन लावायची सवय लागलेली, ती काही सुटेना. मग हौशी रेडिओची परीक्षा दिली, लायसन काढलं आणि शंभर वॉटचा एक जुना सेट विकत घेतला. हा सेट कारच्या बॅटरीवर चालतो. वीस मीटर तांब्याची तार मधोमध तोडून दोन्ही बाजूंना ताणली की झाला अँटेना. मोबाइलचा टॉवर असो की नसो, नागपूर, जबलपूर, रायपूर सहज मिळतं.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. तीन दिवस पाऊस लागून होता. वरच्या धरणातून पाणी सोडणार असल्याची दवंडी पुराच्या आदल्या दिवशी दुपारी गावात फिरली. बायको आणि मुलगा तुमसरला नातेवाइकांकडे गेले होते. मी सेट, बॅटरी आणि तारेचं बंडल पॉलिथिनमध्ये बांधलं आणि ट्रॅक्टरवर घालून मिलवर नेलं. आमच्या भागात त्या मिलइतकी उंच पक्की इमारत दुसरी नाही. खालच्या टोलीवरची, म्हणजे वस्तीवरची, माणसंही संध्याकाळपर्यंत तिथेच आली. म्हातारी माणसं, बाया, लेकरं, दोन शेळ्या.

मिलवर चौकीदार होता रमेश बिसेन. इन्फंट्रीचा सिपाही, पंधरा वर्षं नोकरी करून परत आलेला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. गावात मला सगळे ‘फौजी काका’ म्हणत, रमेश तेवढा ‘साब’ म्हणायचा. त्याची बायको कलाबाई याच मिलमध्ये तांदूळ पाखडायच्या कामावर होती. त्या संध्याकाळी रमेशने माणसं मोजली, कोण कुठे झोपेल ते ठरवलं, गोदामातली पोती रचून जिन्यापाशी बांध घातला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं.

“साब, तुमचा ओपी कुठं लावू?” त्याने विचारलं.

ओपी म्हणजे टेहळणीची चौकी. मी म्हटलं, “छतावर. टाकीच्या बाजूला.”

त्याने टाकीखाली ताडपत्री ताणून दिली. अँटेनाचं एक टोक आम्ही दोरीने टाकीच्या लोखंडी शिडीला बांधलं. दुसरं टोक पलीकडे, मशीनच्या शेडच्या टिनाच्या छपराला लागून उभ्या केलेल्या बांबूला. तार टिनापासून फार उंच नव्हती. मला ते आवडलं नव्हतं, पण दुसरी जागा नव्हती.

सकाळी उजाडलं तेव्हा खालचा मजला पाण्यात होता. मिलच्या फाटकाचे वरचे भाले तेवढे दिसत होते. ट्रॅक्टर दिसत नव्हता. मोबाइल कोणाचाच लागत नव्हता. चारी बाजूंना मातकट पाणी आणि त्यातून वर आलेले झाडांचे शेंडे. पाऊस थांबला होता, पाणी चढतच होतं. जिन्याची एकेक पायरी बुडत होती आणि लोक तिकडे न बघता बसले होते.

फाटकाच्या वर एक गोष्ट मला आणि रमेशला एकदमच दिसली. रस्त्याकडचा विजेचा खांब वाकला होता. अकरा हजार व्होल्टची लाइन लोंबून फाटकासमोर पाण्याच्या वर आली होती. बोटीत उभ्या असलेल्या माणसाच्या छातीला लागेल इतकी खाली.

“बंद असंन नं, साब? गावातली लाइट तं पहाटीच गेली.”

मी त्याच्या कानाला हेडफोन लावला. सेटमध्ये एकसारखा चटचट आवाज येत होता, गरम तेलात पाणी पडल्यासारखा. तार कुठेतरी ओल्या फांदीला लागत होती आणि ठिणग्या पडत होत्या. ही लाइन दुसऱ्या फीडरवरची होती, सबस्टेशनातून वेगळी निघणारी. ती चालू होती.

रमेशने हेडफोन परत दिला. “सांगा मंग त्यायले लवकर,” एवढंच म्हणाला.

पुराच्या दिवसांत नागपूरला हौशी ऑपरेटरांचं एक कंट्रोल स्टेशन चालू असतं. त्या दिवशी तिथे एक मॅडम बसल्या होत्या, साठीच्या पुढच्या, शांत आवाजाच्या. त्यांच्याजवळ भंडाऱ्याच्या आपत्ती कक्षाचा फोन होता. मला त्या स्वच्छ ऐकू येत होत्या. चटचटाटावरूनही त्यांचा शब्द न् शब्द कळत होता.

“सर्व स्टेशन्स, नागपूर कंट्रोल. माझ्या फ्रिक्वेन्सीवर इथे फार गडबड आहे. मी सात शून्य सहा शून्यवर बोलते आहे, पण ऐकते आहे सात एक सहा शून्यवर. स्प्लिट चालवा. सात एक सहा शून्यवर कॉल करा. ओव्हर.”

स्प्लिट म्हणजे ऐकायचं एका फ्रिक्वेन्सीवर आणि बोलायचं दुसऱ्या. दाराने आत यायचं आणि खिडकीने बाहेर जायचं असं समजा. सेटमध्ये त्याची सोय असते. मी दुसरी फ्रिक्वेन्सी लावली, स्प्लिटचं बटण दाबलं आणि कॉल दिला. जागा सांगितली, माणसं सांगितली, लाइन सांगितली, बोट मागच्या बाजूने आणा म्हणून सांगितलं. दोनदा.

“कोणीतरी फार कमजोर स्टेशन आहे,” मॅडम म्हणाल्या. “फक्त ‘सिहोरा’, ‘राईस मिल’ आणि ‘लोक’ एवढंच मिळालं. भंडाऱ्याला कळवते. पुन्हा सांगा.”

मी पुन्हा सांगितलं. त्यांना काही मिळालं नाही. आणखी एकदा सांगितलं. मग त्यांचा आवाज आला, “राईस मिलवालं स्टेशन, तुम्ही मला ऐकत असाल तर ऐका. सिहोऱ्याच्या रस्त्याने एक बोट तुमच्याकडे निघाली आहे. धीर धरा.”

सिहोऱ्याचा रस्ता फाटकासमोर येतो. त्या लाइनखाली.

माझ्या अर्ध्या मेसेजवर बोट निघाली होती. उरलेला अर्धा माझ्याजवळच होता. त्यांचं सगळं मला ऐकू येत होतं आणि माझं त्यांना काही कळवता येत नव्हतं. छताला चार बाजू होत्या आणि चारी बाजूंना पाणी. नोकरीत मी बर्फात अडकलो आहे, दरड कोसळलेल्या रस्त्यावर अडकलो आहे. पण हातात चालता सेट असून अडकण्याची ही पहिली वेळ.

सेटवर एक काटा असतो, बोलताना किती पॉवर बाहेर जाते ते दाखवतो. मी बोलताना तो काटा जेमतेम हलत होता. शंभर वॉटच्या जागी चार-पाच वॉट.

सिग्नल्समध्ये शिकवतात, घाबरल्यासारखं वाटलं की उगमापासून सुरुवात करा. बॅटरी पाहिली. तिचे टर्मिनल काढून पुसले, घट्ट केले. व्होल्टेज ठीक होतं. फ्यूज ठीक. माइकची वायर ठीक. अँटेनाची केबल सेटमधून काढून परत लावली. स्प्लिट बंद केलं आणि मॅडमच्याच फ्रिक्वेन्सीवर ‘हॅलो’ म्हटलं. काटा पूर्ण वर गेला. पूर्ण पॉवर.

मॅडमनी ऐकलं नाही, कारण तिथे त्या ऐकतच नव्हत्या. त्यांच्याकडे त्या फ्रिक्वेन्सीवर नुसता गोंगाट होता.

पुन्हा स्प्लिट लावलं. काटा पडला. बंद केलं, काटा वर.

कलाबाई टाकीच्या सावलीत एका म्हातारीला पाणी पाजत होती. तिने विचारलं, “बिघडला काय भाऊजी?”

“बिघडला नाही. पण बोलून नाही राहिला.”

“काहून?”

त्याचंच उत्तर मी शोधत होतो. बिघडलेला सेट दोन्हीकडे बिघडलेला असता. हा ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवर धडधाकट होता आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीवर आजारी. मोर्स पाठवली असती तर तेवढ्या कमी पॉवरवरही गेली असती, पण मोर्सची टकटक करायची चावी घरी राहिली होती आणि घर पाण्याखाली होतं. माइकमध्ये शिट्टी वाजवून मोर्स पाठवून पाहिली. तिकडे ती घेणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या एखाद्या स्टेशनने ऐकून पुढे द्यावं म्हणून सगळ्यांना हाक दिली. कोणी उत्तर दिलं नाही.

आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. दूरवरून, सिहोऱ्याच्या अंगाने. मोटरबोटीचा घरघराट.

छतावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी टॉवेल हलवू लागलं. एक बाई रडायला लागली, आनंदाने. लाइन चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. रमेशने आणि मी ते मुद्दाम सांगितलं नव्हतं.

रमेश माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. “किती वेळ लागंन साब?”

“सांगता येत नाही.”

“बोट मोडावर आली का लाइन त्यायले दिसत नाई. आंब्याच्या आड हाय. आन् धार त्यायले सीध्या फाटकात आणते.”

“मला माहीत आहे.”

“मी जातो आंब्यावर.”

मिलची कंपाउंडची भिंत मागून वळसा घालून रस्त्याकडे जाते, लाइनच्या पलीकडे. भिंतीच्या टोकापासून रस्त्याच्या मोडाजवळचा, म्हणजे वळणाजवळचा, तो आंबा थोडासाच दूर. भिंत पाण्याखाली होती, पण उभं राहिलं तर पाणी मांडीइतकं असेल असा त्याचा हिशेब होता.

“धार फार आहे, रमेश.”

“होय नं.”

“मला दहा मिनिटं दे.”

“तुमी तुमचं काम करा साब. मी माह्यं करतो. ज्याचं आंधी होईन त्याचं होईन.”

त्याने शर्ट काढून कलाबाईच्या हातात दिला. तिच्याशी काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. तिने शर्टाची घडी केली. तो मागच्या शिडीने उतरला. त्याची पाठ भिंतीवरून सरकत जाताना मला दिसली, मग शेडचं छप्पर आडवं आलं.

मी सेटकडे वळलो. मला त्याच्यामागे जायचं होतं. मी गेलो नाही.

आता विचार एकच. स्प्लिट लावल्यावर बदलतं काय? सेट तोच, बॅटरी तीच, माइक तोच, तार तीच. बदलते फक्त फ्रिक्वेन्सी. आणि आतापर्यंत मी अँटेना तपासला होता तो ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवर. बोलायच्या फ्रिक्वेन्सीवर तपासलाच नव्हता.

मी स्प्लिट काढलं, सरळ सात एक सहा शून्यवर गेलो आणि काटा अँटेना जुळतो की नाही त्या मापावर लावून बोललो. काटा लाल पट्ट्यात जाऊन आदळला.

मग सगळं लक्षात आलं. तार ओली, टिनाच्या फार जवळ. खालच्या फ्रिक्वेन्सीला ती कशीबशी जुळत होती, वरच्या फ्रिक्वेन्सीला अजिबात नाही. न जुळणाऱ्या तारेत पॉवर ढकलली की ती परत येते. ती परत येऊन सेट जळू नये म्हणून सेट आपली पॉवर आपणच कमी करतो. तो बिघडला नव्हता. तो स्वतःला वाचवत होता.

फ्रिक्वेन्सी वाढली की तार आखूड लागते. किती आखूड, याचं गणित मी नोकरीत पोरांना इतक्या वेळा शिकवलं होतं की बोटांवर झालं. सव्वा वीत, दोन्ही टोकांची मिळून. पलीकडचं टोक टिनाच्या पार होतं, तिथे जाता येणार नव्हतं. मी शिडीकडचं टोक सोडलं आणि सगळं माप याच बाजूने काढलं. तार कापली नाही, मागे दुमडून तिच्यावरच पिळली. दुमडलेली तार पूर्ण आखूड होत नाही म्हणून दीड वीत घेतली. बोटं ओली होती, पीळ सुटत होता.

“कलाबाई, इथं धरा. ताणून.”

तिने शर्ट खांद्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी दोरी धरली. मी गाठ मारली.

इंजिनाचा आवाज आता मोठा झाला होता. त्यात मधूनच माणसाचं ओरडणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. कलाबाईने मान वळवली नाही.

सेटवर परत आलो, स्प्लिट लावलं, काटा पॉवरच्या मापावर आणला आणि बोललो. काटा अर्ध्याच्या खूप वर गेला. पूर्ण नाही, पण पुष्कळ.

“नागपूर कंट्रोल, नागपूर कंट्रोल, सिहोरा राईस मिल. इमर्जन्सी. बोट थांबवा. मी परत सांगतो, बोट थांबवा. मिलच्या फाटकासमोर अकरा केव्ही लाइन पाण्यावर लोंबते आहे. लाइन चालू आहे. बोट मिलच्या मागच्या बाजूने आणा. फीडर बंद करा. एक माणूस पाण्यात आहे. ओव्हर.”

“राईस मिल, नागपूर कंट्रोल. पूर्ण मिळालं. फाटकासमोर चालू लाइन. बोट मागून. फीडर बंद. एक माणूस पाण्यात. थांबा.”

त्यांचा आवाज तसाच शांत होता. मागे त्यांच्या खोलीत कोणीतरी फोनवर मोठ्याने बोलत होतं, तेवढं ऐकू येत होतं.

इंजिनाचा आवाज बदलला. जोराने घरघरला, मग खाली आला, मग एका जागी थांबला. शेडच्या आडून आम्हाला काही दिसत नव्हतं.  मी हेडफोन कानाला दाबून बसलो होतो.

मग कानातला चटचटाट एकदम बंद झाला. एकदम म्हणजे अगदी एकदम, कोणी तोंडावर हात ठेवावा तसा. फीडर बंद झाला होता.

बोट मागच्या बाजूने आली. बचाव पथकाचा प्रमुख एक हवालदार होता, हिंदी बोलणारा. आधी लेकरं आणि म्हातारी माणसं नेली, मग बाया, मग पुरुष. शेळ्याही नेल्या. बऱ्याच फेऱ्या झाल्या. मी शेवटच्या फेरीला सेट घेऊन उतरलो. शिडीवर मी त्याला विचारलं, “आमचा एक माणूस आंब्यावर होता.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “दूसरी बोट ढूँढ रही है, साहब.”

कलाबाई पहिल्या बायांबरोबर गेली नाही. शेवटच्या फेरीपर्यंत छतावरच बसून होती.  तिच्या खांद्यावर शर्ट होता.

रमेश दुसऱ्या दिवशी सापडला. पाणी उतरल्यावर, खालच्या बांदीत, धानाच्या चिखलात. बांदी म्हणजे आमच्याकडचं बांधाचं शेत. अंगावर जखम नव्हती.

नोकरीवर नसताना गेलेल्या सिपायाला सलामी नसते. सरकारी तर नसतेच. तुमसर आणि वरठीकडचे माजी सैनिक कळलं तसे आले, ज्याच्याजवळ टोपी होती तो टोपी घालून, ज्याच्याजवळ पदकं होती तो पदकं लावून. एक-दोघांचे बूट चिखलात रुतत होते. बिगुल नव्हता. मीच ऑर्डर दिली. “परेड, सावधान.” सगळे सावधान झाले.

तेराव्याला बोटीवरचा हवालदार आला. साध्या कपड्यांत, बसने, पत्ता विचारत. कलाबाईच्या पडवीत तो माझ्याशेजारी बसला.  मग त्याने जे झालं ते सांगितलं. मी ते इथे माझ्या शब्दांत लिहितो.

मोडावरून वळल्यावर त्यांना आंब्याच्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळलेला एक माणूस दिसला. कमरेखाली धार त्याला ओढत होती. तो ओरडत होता, पण इंजिनात काही ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, हा वाचवा म्हणतो आहे. त्यांनी बोट त्याच्याकडे वळवली, आणि त्याच्याकडे येणं म्हणजे त्या लाइनकडेच येणं होतं. ते त्याने पाहिलं. त्याने फांदीवरचा एक हात सोडला आणि वर, लाइनकडे, बोट दाखवलं. पुन्हा पुन्हा. हवालदाराने वर पाहिलं आणि इंजिन उलटं फिरवलं. त्यांच्या हँडसेटवर माझा मेसेज आला तो त्यानंतर. त्यांनी पुन्हा खाली पाहिलं तेव्हा फांदी नुसतीच हलत होती.

“एक हाथ से पकड़ नहीं बनती, साहब, उतनी धार में,” हवालदार म्हणाला. “वो जानते थे. फौजी थे. फिर भी हाथ छोड़ा.”

मी कलाबाईकडे पाहिलं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “मी त्यायले जाऊ नका म्हटलं नाई. त्या बोटीत मानसं होती नं.”

मी मान हलवली.

मग तिने हवालदाराला विचारलं, “त्यायनं दाखवली थे तार, तुमाले दिसली नं?”

“दिखी, दीदी. साफ दिखी.”

“मंग बरं झालं,” ती म्हणाली, आणि आम्हाला वाढायला आत गेली.

सिपाही रमेश बिसेन. तो एक सोडून त्या दिवशी मिलच्या छतावर जेवढे होतो तेवढे सगळे, आणि त्या बोटीतले सगळे, आपापल्या घरी गेलो.